दुसरी तारीख

आमच्या ओपीडीत येणाऱ्या माणसाच्या हातात बहुतेक वेळा एक पिशवी असते. कापडदुकानातली जाड प्लॅस्टिकची, घड्या पडून पडून दुकानाचं नाव पुसत आलेली. माणूस बोलायला लागण्याआधी मी ती पिशवी मागून घेते. तिच्यात ईसीजीच्या पट्ट्या असतात, थायरॉइडचा रिपोर्ट असतो, पोटाची सोनोग्राफी असते, कधी सीटी स्कॅनची काळी फिल्म सुरळी करून कोंबलेली असते. तळाशी अंगाऱ्याची पुडी, एखादा सुटलेला ताईत. सगळे रिपोर्ट नॉर्मल. त्या प्रत्येक नॉर्मलसाठी कुणीतरी शेळी विकलेली असते नाहीतर बचत गटातून पैसे उचललेले असतात. "समदं नॉर्मल हाय म्हणत्यात, मग मला रातभर झोप का न्हाई?" हा प्रश्न आमच्या टेबलापर्यंत पोचायला वर्ष-दीड वर्ष सहज गेलेलं असतं.

मी सामाजिक कार्यकर्ती. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात काम करते, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात, जिथली अर्धी गावं दिवाळीच्या आसपास ऊस तोडायला रिकामी होतात. पिशवी चाळली की माणूस कुठून कुठून फिरून आलाय ते कळतं. आधी गावातल्या डॉक्टरकडं सलाईन आणि ताकदीचं इंजेक्शन. मग तालुक्याला रक्त-लघवी. मग कुणीतरी म्हणतं हार्टचं दाखवून घ्या, म्हणून बीड नाहीतर थेट संभाजीनगर. मधल्या अमावास्यांना देवऋषी. आमचा नंबर शेवटी. यात मी डॉक्टरांना दोष देत नाही. छातीत धडधडतंय म्हणणाऱ्याचा ईसीजी काढायलाच हवा, हातपाय गळून गेलेत म्हणणारीचं थायरॉइड आणि हिमोग्लोबिन बघायलाच हवं. घोटाळा होतो तो रिपोर्ट आल्यावर. "तुम्हाला काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका" एवढं सांगून माणसाला घरी पाठवलं जातं. टेन्शन घेऊ नका म्हणजे नेमकं काय करायचं, हे तो कुणाला विचारणार?

पहिल्या भेटीत मी एक प्रश्न हमखास विचारते: तुम्हाला इकडं कुणी पाठवलं? उत्तरं ऐकण्यासारखी असतात. आशाताईनं. मेडिकलवाल्यानं. चुलत जावेच्या भावाला इथंच गुण आला होता म्हणून. एकाला एसटीच्या कंडक्टरनं पाठवलं होतं. त्या कंडक्टरची बहीण आमच्याकडची. फ्लेक्स वाचून आलो असं सांगणारा क्वचितच भेटतो. तरी दर १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनाला, आम्ही शाळेच्या पोरांची फेरी काढतो, घोषणा देतो, फोटो वर पाठवतो. फेरीला माझा विरोध नाही. पोरांना त्या दिवशी गणिताच्या तासातून सुटका मिळते, हाही मनाच्या आरोग्याला हातभारच.

व्यवस्था कागदावर सोपी आहे. आपल्याकडं राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली आला. कर्नाटकातल्या बेल्लारीत केलेल्या प्रयोगावरून १९९६ पासून तो जिल्ह्यापर्यंत नेण्याची आखणी झाली. आज जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो, आणि मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, माझ्यासारखी सामाजिक कार्यकर्ती, नर्स असं पथक ठरलेल्या वारी ग्रामीण रुग्णालयात जातं. तपासणी फुकट, गोळ्या फुकट. ज्याला भरती करायची गरज आहे त्याला वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, आणि अगदी लांबचा पल्ला असेल तर राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. लोकांना 'मानसिक' म्हटलं की फक्त ही शेवटची चार डोळ्यांपुढं येतात. आपल्या तालुक्याला, एसटी स्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरावर, त्याच आजाराची ओपीडी चालते हे त्याच गावातल्या शिक्षकालाही ठाऊक नसतं.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ साली बारा राज्यांत झालं. त्यात महाराष्ट्र नव्हता. त्यात प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचं दिसलं, आणि बहुतेक आजारांत सत्तर टक्क्यांहून जास्त लोकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. ही दरी भरायची म्हणून सगळा जोर पहिल्या भेटीवर दिला जातो. शिबिर घ्या, नवे रुग्ण शोधा. महिन्याच्या अहवालात 'नवे' आणि 'जुने' असे रकाने असतात, आणि आढाव्याला विचारणा नव्यांची होते. ज्याच्या केसपेपरवर पुढची तारीख लिहून दिली आणि जो त्या तारखेला आलाच नाही, त्याला रकाना नाही. इतक्या वर्षांच्या कामानंतर माझं पक्कं मत झालंय की मदत मिळाली की नाही हे पहिल्या भेटीवरून ठरवू नये. माणूस दुसऱ्या तारखेला आला, तर मिळाली.

ग्रामीण रुग्णालयात आम्हाला मिळते ती औषधभांडाराशेजारची खोली. निम्म्या खोलीत सलाईनचे खोके. डॉक्टर टेबलावर, मानसशास्त्रज्ञ कपाटाआड, आणि मी बाहेर कडुलिंबाखालच्या बाकावर. सुरुवातीला त्या बाकाबद्दल मीही कुरकुरले. पण बंद दारामागं जाणारी बाई सगळ्या रांगेला दिसते. उघड्यावर बाकावर बसलेली बाई कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. लांबून बघणाऱ्याला वाटतं, कसल्यातरी योजनेचा फॉर्म भरून घेताहेत. म्हणून मी मांडीवर पॅड ठेवते आणि मधूनच आधार कार्डाचा नंबर विचारते.

तिथंच एकदा तिशीच्या आतली एक बाई आली. सोबत सासू, सासूच्या खांद्यावर चार महिन्यांची पोर. तक्रार डोकं दुखण्याची. मी सुनेला विचारायचं आणि उत्तर सासूनं द्यायचं, असं चाललं होतं. जेवते का? "जेवती की." झोप? "पडल्या पडल्या लागती." मी केसपेपर पुढं केला आणि म्हटलं, "आजी, ह्याच्यावर शिक्का राहिलाय. तेवढा खिडकीवरून आणता? बाळाला द्या माझ्याकडं." शिक्क्याच्या खिडकीला कायम रांग असते, तिचा आम्हाला झालेला हा एकमेव उपयोग.

सासू वळली तशी सून खाली बघूनच बोलायला लागली. रात्री सगळे निजले की ती उठते आणि भांडी घासते. संध्याकाळी घासून पालथी घातलेलीच भांडी, पुन्हा. का, असं विचारल्यावर म्हणाली, "जागं राहून दुसरं काय करावं?" पोर रडली की तिला घ्यावंसं वाटत नाही, याची तिला जास्त भीती वाटत होती. ही पोर दुसरी, पहिलीही मुलगीच. घरात टोचून कुणी बोललं नव्हतं म्हणे, पण बारशाला नणंद आली नव्हती. बाळंतपणानंतर कित्येक बायकांना उदासीचा आजार होतो, तो आईच्या मायेचा दोष नसतो, अंगावर पाजणाऱ्या आईला चालतील अशा गोळ्या असतात, हे मी तिला सांगितलं. तिनं फक्त एवढंच विचारलं, "हे सगळ्यांस्नी व्हतंय?" सगळ्यांना नाही, पुष्कळांना, म्हटलं. तेव्हा पहिल्यांदा तिनं मान वर केली.

सासू शिक्का घेऊन आली. आता तिला खलनायिका करून भागत नाही, कारण बसभाड्याचे पैसे तिच्याच कनवटीला असतात. मी तिला म्हटलं, "आजी, सुनेला बाळंतपणातला आजार हाय, बरा होणारा हाय. गोळ्या मोजून देणं आणि पंधरा दिवसांनी तिला घेऊन येणं, ही दोन कामं तुमची. हिच्यानं एकटीनं व्हायचं नाही." जबाबदारी दिली की म्हाताऱ्या माणसाला चढतं. पुढच्या तारखेला सासूबाई सकाळी रुग्णालयाचं फाटक उघडायच्या आधी हजर होत्या, आणि सून किती गोळ्या कुठल्या वेळी खाते ते त्यांनी मला पाढे म्हटल्यासारखं म्हणून दाखवलं. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याचा आमच्या ओपीडीला झालेला फायदा कुठल्या अहवालात येणार नाही. पण मला तो बाकावर बसून दिसतो. पूर्वी "गाडीला पैसे नव्हते" हे कारण रोज ऐकायला मिळायचं.

माणसं दुसऱ्या तारखेला का येत नाहीत, याची कारणं ठरलेली आहेत. उदासीच्या गोळीचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे जातात. मळमळ, तोंड कोरडं पडणं, थोडी अस्वस्थता असले त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात होतात. म्हणजे त्रास आधी आणि आराम मागून. हे न सांगता गोळी हातात दिली तर माणूस पाचव्या दिवशी पाकीट फडताळात टाकतो आणि "सरकारी गोळी बाधली" म्हणून गावभर सांगतो. दुसरी गळती दोन-अडीच महिन्यांनी. आता झोप येतेय, भूक लागतेय, मग गोळी कशाला? बरं वाटल्यानंतरही काही महिने गोळी चालू ठेवायची आणि बंद करायची ती डॉक्टरांच्या सांगण्यानं हळूहळू, हे पटवायला सर्वांत जास्त बोलावं लागतं. आणि "सवय लागली तर?" ही भीती. गंमत म्हणजे हीच माणसं दुकानातून चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी महिनोन् महिने आणत असतात. जिची सवय खरोखर लागते ती गोळी त्यांना घरातली वाटते.

समुपदेशनाची गळती वेगळी. पहिल्या भेटीत माणूस भडाभडा बोलतो, रडतो, मोकळा होतो, आणि घरी गेल्यावर लाजतो. परक्या बाईपुढं आपण घरचं सगळं बोललो! मग तो येत नाही. म्हणून पहिल्या दिवशी मी मुद्दाम फार खोदत नाही. एखादं छोटं काम देते. सकाळी उठल्यावर ओसरीत बसायचं, आत अंथरुणावर नाही. दिवसातून एकदा पाराजवळून चक्कर मारायची. पुढच्या वेळी ते झालं की नाही एवढंच बोलू. परत यायला माणसाला हातात काहीतरी निमित्त लागतं.

ऊसतोडीचं गणित मात्र कुठल्या पुस्तकात नव्हतं. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादम उचल वाटतो आणि टोळ्या ट्रॅक्टर-ट्रकनं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. परत यायचं ते उन्हाळ्याच्या तोंडावर. चार-पाच महिने आमचा रुग्ण कुठल्या कारखान्याच्या कुठल्या फडात आहे, हे त्यालाही आधी ठाऊक नसतं. गोळ्या एका वेळी मिळणार महिन्याच्या. उरलेल्या महिन्यांचं काय?

एका कोयत्यातल्या नवऱ्याला स्किझोफ्रेनिया होता. कानात आवाज यायचे, उसाच्या फडातून कुणीतरी नाव घेऊन बोलावतंय असं वाटायचं. उपचारांनी तो चांगला सावरला होता, शेरडं राखत होता, कोयताही धरू लागला होता. तोडीच्या आधी त्याची बायको मुकादमाला घेऊनच आली, कारण मुकादम म्हणत होता, "गोळ्या खाणारा माणूस टोळीत नगं. फडात काय केलं तर निस्तरायचं कुणी?" त्याचं म्हणणं मी ऐकून घेतलं. मग विचारलं, गेल्या हंगामात हा गोळ्या न खाता आला होता तेव्हा काय झालं? मुकादमाला आठवत होतं. मध्यरात्री खोपीतून निघून गेला होता, तिघांनी दोन दिवस शोधला होता, तेवढी तोड बुडाली होती. "मग गोळ्या खाणारा बरा की न खाणारा?" मुकादम हसला. त्याला माया आली असं मी म्हणणार नाही. उचलीचे पैसे अडकले होते, माणूस टिकण्यात त्याचाच फायदा होता. पण कामाच्या माणसाला फायदा समजावून सांगता आला तर मायेची वाट बघत बसावं लागत नाही.

आमच्या डॉक्टरांनी रोजच्या गोळीऐवजी ठराविक आठवड्यांनी घ्यायचं इंजेक्शन सुरू केलं. केसपेपरवर औषधाचं मूळ नाव, मात्रा आणि पुढच्या तारखा मोठ्या सुट्या अक्षरांत लिहून दिल्या. कंपनीचं नाव लिहिलं नाही, म्हणजे तिकडच्या कुठल्याही सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरला कळेल. त्या कागदाला प्लॅस्टिकचं आवरण करून दिलं. ठरलं असं की खर्चीच्या दिवशी, टोळी बाजाराला जाते तेव्हा, मुकादमानं त्याला मोटारसायकलवर दवाखान्यात न्यायचं आणि तिथूनच मला फोन करायचा. आधी दोन-तीन दवाखान्यांत "हे आमच्याकडं नसतं" असं ऐकून ते परतले. शेवटी एका प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या तरुण डॉक्टरनं माझ्याशी फोनवर बोलून इंजेक्शन दिलं, पुढची तारीखही लिहिली. हंगाम निभावला. दुसऱ्या वर्षी तोच मुकादम आणखी एका बाईला घेऊन आला: "हिला बी तसलंच कार्ड करून द्या."

१४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी मदतवाहिनीचा नंबर १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाला. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. आम्ही तो भिंतींवर लिहिला, केसपेपरवर शिक्का करून मारला. तोडीला गेलेल्या माणसाला तर तो फारच उपयोगाचा. तरी बायका फोन करीनात. कारण विचारलं तर एकीनं सरळ सांगितलं, "फोन मालकाचा. कुठं फोन केलता ते त्यात दिसतंय." शहरात बसून नंबर जाहीर करणाऱ्याच्या डोक्यात हे येणार नाही. मग आशाताईंच्या फोनवरून, आशाताईंच्या घरी बसून बोलायचं अशी वाट काढली. बोलणं चालू असताना आशाताई चुलीपाशी जातात आणि भांड्यांचा आवाज करत राहतात, म्हणजे बोलणारीला खात्री की कुणी ऐकत नाही.

या आशाताईंनी मला जेवढं शिकवलं तेवढं एमएसडब्ल्यूच्या दोन वर्षांत शिकले नाही. २०१५ साली राज्य सरकारनं शेतकरी आत्महत्यांच्या १४ जिल्ह्यांत, म्हणजे मराठवाड्याचे आठ आणि विदर्भाचे सहा, प्रेरणा प्रकल्प सुरू केला. घरोघरी विचारपूस करायची आणि ज्याचं मन खचलंय त्याला पुढं पाठवायचं, हे काम आशांकडं आलं. आमच्याकडच्या नऊ प्रश्नांच्या कागदातला नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. एक आशा तो प्रश्न सोडूनच द्यायची. म्हणाली, "मॅडम, असं विचारलं तर आपणच त्याच्या डोक्यात घातल्यासारखं व्हईल." तसं होत नाही. विचारल्यानं माणूस त्या वाटेला लागत नाही; उलट कुणीतरी विचारलं म्हणून त्याला सुटल्यासारखं वाटतं. हे मी शास्त्र म्हणून सांगितलं. तिनं ते स्वतःच्या भाषेत बसवलं. वैरण तोडत बसलेल्या माणसाशेजारी बसून, त्याच्याकडं न बघता ती म्हणाली, "दादा, कधी असं वाटतं का, की सकाळी उठूच नये?" त्या माणसानं विळा खाली ठेवला आणि म्हणाला, "रोज." त्याच दिवशी तिनं त्याच्या बायकोला फवारणीचं औषध भावाच्या घरी कुलपात ठेवायला लावलं, त्याला एकटं सोडू नका म्हणून सांगितलं आणि मला फोन लावला. ही तीन कामं कुणीही करू शकतं. त्याला डिग्री लागत नाही.

ज्यांनी तसा प्रयत्न केला आणि जे वाचले, त्यांना आम्ही वॉर्डातच गाठतो. नातेवाईक ठामपणे सांगतात, चुकून पोटात गेलं. पोलीस केस होईल ही भीती. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि २९ मे २०१८पासून लागू आहे. त्याच्या ११५व्या कलमानुसार असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून चालायचं, त्याला शिक्षा करायची नाही, आणि त्याला उपचार देण्याची जबाबदारी सरकारची. १ जुलै २०२४ला भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात अशा प्रयत्नाला शिक्षा सांगणाऱ्या जुन्या ३०९ कलमासारखा गुन्हाच उरलेला नाही. रुग्णालयातून पोलिसांना कळवलं जातं, जबाब घेतला जातो, हे खरं. पण घाबरून खोटं सांगितलं की डॉक्टर पोटातलं विष काढून माणसाला घरी पाठवतात, आणि मनाचं कुणी बघत नाही. घरी गेल्यावरचे पुढचे काही आठवडे सर्वांत नाजूक असतात. अशा माणसाला मी तारखेची वाट न बघता स्वतः फोन करते. बोलणं काय, तर पाऊस पडला का, सोयाबीन कसं आहे. फोन येतो हे महत्त्वाचं.

देवऋषीकडं जाऊ नका, असं मी पहिल्या भेटीत म्हणत नाही. म्हटलं तर माणूस देवऋषी सोडत नाही, मला सोडतो. अंगारा लावा आणि गोळीही घ्या, दोन्ही चालू द्या. पण मारहाण, उपाशी ठेवणं, साखळी घालणं किंवा "औषध बंद करा तरच गुण येईल" असं सांगणं, इथं मी थांबते आणि २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा काढते. चांगल्या घरच्या शिकल्या-सवरल्या लोकांनाही हे सांगावं लागतं, फक्त त्यांचा देवऋषी जरा महागडा असतो.

शहरात राहणाऱ्या वाचकासाठी दोन शब्द, कारण तिथली अडचण उलटी आहे. पाट्या ढीगभर, पण कुणाकडं जावं कळत नाही. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर त्या विषयात पुढं शिकलेला डॉक्टर. औषध त्यानंच लिहायचं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडं असते, नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नये. 'समुपदेशक' ही पाटी मात्र आज जवळजवळ कुणीही लावू शकतो. आठवडाभराचा ऑनलाइन कोर्स करून लावलेल्याही आहेत. विचारावं: कुठं शिकलात, किती काळ शिकलात, कोणत्या वेळी तुम्ही माणसाला डॉक्टरकडं पाठवता? या शेवटच्या प्रश्नाला जो "माझ्याकडं तशी वेळच येत नाही" म्हणेल, त्याच्याकडून उठून यावं. इतक्या बैठकांत पूर्ण बरं करतो, अशी हमी देणाऱ्याकडूनही.

दारूचं प्रकरण घरात असेल तर एक चांगलं आहे, की महाराष्ट्रात त्याच्या वाटा जुन्या आहेत. पुण्याचं मुक्तांगण १९८६ सालचं. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी ते उभारलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी पाठबळ दिलं. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा तर जिल्ह्याच्या गावीही भरतात, फुकट. तिथंही गोष्ट तीच. भरती होऊन परतलेला माणूस गावी आल्यावर कुणाकडं जातो, यावर पुढचं ठरतं.

आमच्यासारख्या पथकांनी हे सगळं कधी पुरं होणार नाही, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मनोविकारतज्ज्ञ कमी आहेत आणि जे आहेत ते शहरात आहेत. पण गोव्यात संगथ या संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, गावातल्याच माणसांना शिकवून समुपदेशक केलं; २०१० साली त्या अभ्यासाचे निष्कर्ष छापून आले, तेव्हा उदासी आणि काळजीच्या आजारांत सरकारी केंद्रांतल्या रुग्णांना त्याचा चांगला गुण आलेला दिसला. नाशिक जिल्ह्यातल्या खेड्यांत पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातल्या केंद्रानं 'आत्मीयता' नावानं गावातलेच स्वयंसेवक तयार केले. बचत गटातली बाई, शेतकरी, अंगणवाडीताई असली माणसं शिकली तर ऐकून घेण्याचं काम नीट करतात, आणि मुख्य म्हणजे ती गावातून बदली होऊन जात नाहीत. आमच्याकडं दर दोन-तीन वर्षांनी डॉक्टर बदलतो आणि रुग्णाला पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं. त्यातला एखादा तिथंच गळतो.

म्हणून वाचणाऱ्याकडं माझं मागणं अगदी छोटं आहे. तुमच्या तालुक्याच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात मनोविकाराची ओपीडी कोणत्या वारी असते ते या आठवड्यात विचारून या. केसपेपरच्या खिडकीवर सांगतात. तो वार ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, दूध डेअरीवर, मेडिकलच्या काचेवर लिहा, खाली १४४१६ लिहा. आणि तुमच्या ओळखीचं कुणी तिथं एकदा जाऊन आलं असेल, तर काय झालंय, कशामुळं झालं, हे विचारू नका. पुढची तारीख कधीची आहे तेवढं विचारा, आणि त्या दिवशी त्याच्याबरोबर जा.